दाण्यांचा उजेड

गोटिंगेन, पश्चिम जर्मनी
८ सप्टेंबर १९८५

आत्याबाई, जय भीम.

तू म्हणतेस, "मी बरी आहे" एवढंच लिहीत जाऊ नको, खरं काय ते लिही. तर घे खरं. मी बरी नाही. म्हणजे तब्येत छान आहे, इथला ब्रेड विटेसारखा असूनही वजन वाढलं. काम बरं नाही.

नागपूर स्टेशनवर तू विचारलं होतंस, "तिकडं जाऊन नेमकं काय करशीन वं?" आणि मी "संशोधन" म्हणून गाडीत चढले. गाडी सुटत होती म्हणून नाही. मलाच नीट माहीत नव्हतं. आता माहीत आहे.

कॅडमियम सल्फाइड म्हणून एक पिवळा पदार्थ असतो. रंगवाल्यांकडेही मिळतो. त्याचा दाणा लहान लहान करत नेला, इतका की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसू नये, की तो आपलं वागणंच बदलतो. जांभळा दिवा धरला तर एका आकाराचा दाणा हिरवा उजेड देतो, त्याहून लहान दाणा निळा. पदार्थ तोच. रंग घातला नाही, औषध घातलं नाही. फक्त आकार. महादेवराव सरांच्या लॅबमध्ये हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या होत्या. तुला वाटलं निकाल लागला.

इथलं काम त्याच्या पुढचं. दाणा दिव्याचा उजेड गिळतो आणि जरा थांबून परत देतो. कधी परत देईल, किती झपाट्यानं देईल, हे त्या एकट्या दाण्याच्या हातात नाही. शेजारी आरसा असेल तर तो किती दूर आहे यावर ठरतं. एका अंतरावर दाणा पटकन देऊन मोकळा होतो, जरा सरकवला की रेंगाळतो. आणि ते अंतर ठरवायचं मी! काचेवर चांदीचा आरसा, त्यावर साबणासारख्या एका पदार्थाचे थर. काच पाण्यात बुडवून काढली की एक थर चढतो. जितक्या बुड्या, तितकं अंतर. दिवसभर मी काच बुडवते आणि काढते. तुझ्या धुण्यापेक्षा वेगळं काही नाही.

पण माझे दाणे एकसारखे येत नाहीत. नरखेडच्या बगीच्यातून आणून न छाटता ओतलेली संत्री कशी दिसतात, तसे. लहान, मोठे, मधले, सगळे एकात. प्रत्येकाला आरसा वेगळ्या अंतरावर हवा. मग एक चमकतो तेव्हा दुसरा झोपतो, आणि मला दिसतो नुसता मळकट उजेड.

शिष्यवृत्ती पुढच्या ऑगस्टच्या शेवटापर्यंत आहे. तोवर उजेड माझ्या सांगण्यानं वागला तर आणखी दोन वर्षं आणि पीएच.डी. नाही वागला तर परतीचं तिकीट.

म्हणून विचारते. निघताना मी आठ बाटल्या तुझ्या हाती दिल्या होत्या, शेजारच्या अरुंधती वहिनींच्या फ्रिजात ठेवायला. मेणानं तोंड बंद केलेल्या. आहेत का? महादेवराव सर नोव्हेंबरात एका परिषदेसाठी जर्मनीला येणार आहेत. त्यांच्याजवळ देशील?

तुझी,
देवकी

*

नंदनवन, नागपूर
२४ सप्टेंबर १९८५

चि. देवके, जय भीम.

पत्र भेटलं. दोन डाव वाचलं, मंग भीमाबाईले वाचून दाखवलं. ते म्हणे, "पोट्टी एवढी शिकून तिकडं काचा धुऊन राहिली का?" मी म्हटलं, तुले काय समजते, ते धुणं येगळं आहे.

बाटल्या आहेत. आठच्या आठ आहेत. थंड्या जागी होत्या, अंधारात होत्या, तू जसं सांगतलं तसंच. एकही फुटली नाही. सरांच्या घरी मी सोता नेऊन देईन, कापसात गुंडाळून. तू काळजी नको करू.

तुया बापाच्या फोटोले नवी काच बसवली. दवाखान्यात माझी ड्युटी आता सकाळची आहे. आया दोघीच उरलो, बाकीच्या रिटायर. अरुंधतीबाई बरी आहे, तिची सासू यमुताई बी बरी आहे, तुले विचारत राहते.

दाणा उजेड गिळते आन् मंग देते हे मले पटलं. आपल्या वस्तीत बी असे लोक आहेत. काही सांगतलं की लगेच तोंडातून बाहेर, आन् काही आठ दिवस पोटात ठेवतात.

वजन वाढलं ते चांगलं झालं.

तुयी आत्या
अंजनाबाई

*

गोटिंगेन
१ डिसेंबर १९८५

आत्याबाई!

सर येऊन गेले. बाटल्या पोचल्या. तू प्रत्येक बाटलीला मोजा घातला होतास, माझेच शाळेतले मोजे. सर सांगत होते, विमानतळावर कस्टमवाल्यानं एकेक मोजा काढून पाहिला आणि शेवटी हात जोडले.

आता ऐक. मी बाटली जांभळ्या दिव्याखाली धरली. हिरवी. नुसती हिरवी. कडेला निळं नाही, पिवळं नाही, मळ नाही. मी नागपूरला बनवली तेव्हा ती अशी नव्हती ग! तेव्हाही छाटणी न केलेलाच ढीग होता, वहीत तसं लिहिलेलं आहे. या आठ महिन्यांत आत काहीतरी झालं. लहान दाणे विरघळले, त्यांचा माल मधल्यांवर चढला, आणि सगळे हळूहळू एका मापाला आले. असं होऊ शकतं हे पुस्तकात आहे. पण इतकं नीट झालेलं मी कुठं पाहिलं नाही, इथं कोणीच पाहिलं नाही.

मग आरशावर बसवले. अमुक थरांवर चकाकले. आणखी थर चढवले, मंदावले. आणखी चढवले, परत चकाकले! मी ओरडले. मराठीत ओरडले. शेजारच्या खोलीतून लोक आले, त्यांना वाटलं हात भाजला.

प्रोफेसर साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत पाहिलं. म्हणाले, "सुंदर." आणि लगेच म्हणाले, "पुन्हा बनवून दाखव." हे बरोबरच आहे. आठ बाटल्या संपल्या की संपलं. मला आणि दुसऱ्या कोणालाही परत करता आलं पाहिजे, नाहीतर तो निकाल नाही, नशीब आहे.

म्हणून मला सांग, वहिनींच्या फ्रिजात बाटल्या नेमक्या कुठं होत्या? बर्फाच्या खणाजवळ की खाली? फ्रिज रात्री बंद करायच्या का? वीज किती वेळ जायची? विचारून सविस्तर लिही. सगळं याच्यावर आहे.

तुला काय सांगू किती आभार मानते ते. मोज्यांसकट.

देवकी

*

(पोस्टकार्ड)

नंदनवन, २० डिसेंबर १९८५

चि. देवकीस जय भीम. पत्र वाचून आनंद झाला. अरुंधतीबाईचा फ्रिज चांगला आहे, पांढरा आहे. वरच्या खणात बर्फ होते, खालच्या खणात भाजीपाला राहते. लाइट उन्हाळ्यात जाते, हिवाळ्यात कमी जाते. रात्री बंद करत नाही. भीमाबाईच्या नातवाचं नाव ठेवलं, मी गेली होती. कार्डावर जागा संपली. अंजनाबाई

*

गोटिंगेन
३ मार्च १९८६

आत्याबाई,

तुझ्या कार्डावरून मी फ्रिज लावला. नवे दाणे बनवले, फ्रिजात ठेवले, तुझ्या नागपुरी लाइटसारखं मधून मधून बटण बंद करत राहिले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. काल दिवा धरला. मळकट. जसे ठेवले तसेच. फ्रिजात दाण्यांना हलायलाच होत नाही, गोठून बसतात. काही बाटल्या मी टेबलावर गरम खोलीत ठेवल्या होत्या, त्या तर गुठळ्या होऊन तळाशी बसल्या.

ऑगस्टला आता किती वेळ उरला ते तूच मोज. मी मोजणं सोडलं.

रात्री रडले, सकाळी तुझी एक रिकामी बाटली घेऊन बसले. भिंग लावून पाहिली. मेणात वाळू आहे. बारीक, चमचम करणारी. कन्हान नदीची वाळू मी ओळखत नाही का? आपल्या घरामागं तिच्या ढिगात खेळून मोठी झाले. आणि मेणाला चिकटलेलं एक वाळकं मूळ आहे, दोऱ्यासारखं.

फ्रिजात वाळू काहून आली?

मग तुझं कार्ड परत वाचलं. फ्रिज पांढरा आहे, भाजी खाली राहते. बाटल्या कुठं होत्या, हे त्यात लिहिलेलंच नाही. पहिल्या पत्रात पण "थंड्या जागी". वकील आहेस तू!

त्यांनी बाटल्या बाहेर काढल्या ना? यमुताईंनी? आपल्या घरच्या बाटल्या त्यांच्या खाण्याच्या वस्तूंजवळ नको म्हणून? आणि तू नेहमीसारखी गिळलीस, आणि मला वाईट वाटू नये म्हणून मला गोलगोल लिहीत बसलीस. इतकी वर्षं वहिनी वहिनी करत त्यांच्या अंगणात अभ्यास केला मी.

खरं सांग आत्याबाई. रागावणार नाही. तुझ्यावर तरी.

देवकी

*

नंदनवन, नागपूर
१८ मार्च १९८६

चि. देवके,

जय भीम. आधी डोकं थंड कर, मंग वाच.

बाटल्या यमुताईनं काढाले लावल्या, हे खरं आहे. काहून लावल्या ते तुले सांगते. तू त्या बाटल्यांवर कागद चिकटवले होते ना? त्याच्यावर लाल शाईनं मेलेल्या माणसाची कवटी काढली होती ना, खाली दोन हाडं? सोता काढली होती. आठ बाटल्यांवर आठ कवट्या. म्हातारी बाई सकाळी दूध काढाले गेली, फ्रिज उघडला, आन् समोर आठ मुंडके दात दाखवून राहिले. तिले चक्कर आली वं! ते माया घरी आली, माया हात धरला, म्हणे, "अंजनाबाई, घरात लहान लेकरू आहे, मले लय भेव वाटते, राग नको मानू." त्या दिवशी तिनं मायाच घरी चहा घेतला. आता बोल. बाकीच्या गोष्टी आपल्यासोबत झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही, तुले बी माहीत आहे. पण ही गोष्ट तशी नव्हती. ही कवटीची गोष्ट होती.

मंग मी काय करू? एप्रिल लागला होता. घरात पत्रे तापून तवा झालेले. तू म्हटलं होतं थंडं आन् अंधार. अख्ख्या नंदनवनात मले एकच जागा दिसली.

चौदा एप्रिलले आपली पाणपोई लागते. तुले माहीत आहे, दोन मोठे रांजण अर्धे वाळूत गाडतो, वाळू ओली ठेवतो, कडेनं मेथी टाकतो म्हणजे वाळू धरून राहते आन् पाहाले बी चांगलं लागते. मी डालड्याच्या डब्यात आठ बाटल्या ठेवल्या, झाकण मेणबत्तीच्या मेणानं बंद केलं, आन् रांजणाखाली हातभर खोल गाडला. कोणाले नाही सांगतलं, भीमाबाईले बी नाही. डब्याची झाकणी मधात एक डाव ढिली झाली, तवा वाळू आत गेली असन, मी पुन्हा बंद केली. पावसाळा लागला, पाणपोई उठली, तवा डबा काढून माया खाटेखाली अंधारात ठेवला.

आता मी गोलगोल काहून लिहिलं ते. तू जाताना काय म्हणून गेली होती? "आत्याबाई, हे विष आहे. खाण्याजवळ नको, लेकरांजवळ नको, पाण्याजवळ तर बिलकुल नको." आन् मी नेऊन पाण्याच्या रांजणाखाली ठेवलं! शेकडो लोकं पाणी पिऊन राहिले, रिक्षेवाले, शाळेतले पोट्टे, आन् खाली तुयं विष. माया जीव दोन महिने टांगलेला होता. रोज सकाळी पहिला गिलास मी सोता प्यायची. म्हटलं काही व्हाचं असन तर आधी मले होऊन जाऊ दे. पाण्याचा रांजण पक्का भाजलेला होता, डबा बंद होता, एकही बाटली फुटली नाही, हे मी मोजून पायलं. पण तुले सांगाची हिंमत नाही झाली. तू म्हटली असती, आत्याबाई, तुले अक्कल आहे का?

तर हे असं. आता तुया कामाचं काय होते ते पाय. मायामुळे तुयं नुकसान झालं असन तर मले लिहू नको, येऊन तोंडावर सांग.

अंजनाबाई

*

गोटिंगेन
२ एप्रिल १९८६

आत्याबाई,

तुझं पत्र वाचलं. मग हसले. मग "पहिला गिलास मी सोता प्यायची" हे वाक्य परत वाचलं आणि खोलीत कोणी नव्हतं हे बरं झालं.

तुला अक्कल आहे का, हे विचारायचं राहिलं आहे, ते मी येऊनच विचारेन. परत असं करू नको. कधीच नको. बाटली फुटली असती तर? पण फुटली नाही, आणि सगळे धडधाकट आहेत, आणि मी या दोन्ही गोष्टींसाठी कोणाचे पाय धरू ते मला कळत नाही.

यमुताईंना माझ्याकडून नमस्कार सांग. नुसता सांगू नको, घरी जाऊन सांग. मी काय लिहिलं होतं ते सांगू नको. कवट्या मीच काढल्या होत्या, आणि मजेत काढल्या होत्या, एकीला मिशा पण होत्या.

आता कामाचं. माझ्या डोक्यात दिवा लागला. सकाळी तुम्ही वाळूवर पाणी घालता, वाळू गार. दुपारी ऊन चढतं, ओल उडते, वाळू जरा कोमट. संध्याकाळी परत पाणी, परत गार. रोज असं. कोमट झालं की लहान दाणे विरघळतात, गार झालं की तो माल मोठ्यांवर बसतो. थोडं विरघळ, थोडं बस. दोन महिने. फ्रिजात हे होत नाही, टेबलावर फार झपाट्यानं होतं. तुमच्या रांजणाखाली ते सावकाश झालं.

मी इथं नागपूर बांधते आहे. आमच्या इमारतीच्या तळघरात पाणी तापवायच्या बॉयलरची खोली आहे. तिथं लाकडी खोकं, त्यात वाळू, वाळूत मातीची मोठी कुंडी. प्रोफेसर साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मेथी आवश्यक आहे का?" मी म्हटलं, "नाही, पण पाहायला चांगली दिसते."

देवकी

*

गोटिंगेन
२२ मे १९८६

आत्याबाई,

बिघडलं.

आठवडाभर नीट चालायचं. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचे. पण शनिवार-रविवार इमारतीला कुलूप असतं, बॉयलर मात्र चालू. सोमवारी येऊन पाहावं तर वाळू कोरडी, कढईतल्यासारखी तापलेली. दोन दिवसांत आठवड्याचं काम पाण्यात, म्हणजे पाण्यात नाही हेच तर! अर्ध्या बाटल्यांत गुठळ्या झाल्या. किल्ली एकाच माणसाकडे असते आणि मला ती मागायचा धीर होत नाही. वर्षभर इथल्या लोकांना मी गुड मॉर्निंगपलीकडे काही बोलले नाही. जेवायला एकटी बसते. आपल्याला कोणाची गरज नाही असं दाखवायची सवय लागली होती.

एकच फेरी आणखी करता येईल. जूनपासून जुलैअखेर. मग ऑगस्ट.

सांग, पाणपोईवर रविवारी कोण पाणी घालतं? तू एकटी तर नक्की नाही.

देवकी

*

नंदनवन
४ जून १९८६

चि. देवके,

पाणपोईले इतवार नसते वं. तहान कॅलेंडर पाहून लागत नाही.

आपल्या बाया फेरीनं येतात. सोमवारी मी, मंगळवारी भीमाबाई, मंग पार्वतीबाई, असं. ज्या दिवशी जिची फेरी तिनं रांजण बी भराचा आन् वाळू बी भिजवाची. कोणाच्या घरी लगीन असो की मयत, फेरी चुकली तर शेजारचीनं करून टाकाची, विचारत बसाचं नाही. पार्वतीबाई बाळंत झाली त्या हप्त्यात अरुंधतीबाई येऊन पाणी घालून गेली, मी कुठं बोलावलं होतं तिले?

तू एकटी वाळू भिजवाले बसली तर मरशीन. फेरी लाव. लोकाले सांग, बापा, असं असं काम आहे, मले मदत लागते. नाही म्हणतील ते म्हणतील. मी पाणपोई सुरू केली तवा पहिल्या दिवशी तिघीच होतो, बाकीच्या खिडकीतून पाहून राहिल्या होत्या.

आन् जेवाले एकटी नको बसू.

अंजनाबाई

*

गोटिंगेन
२९ ऑगस्ट १९८६

आत्याबाई,

मिळाली. दोन वर्षं मिळाली.

कागद आज हातात आला, पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू म्हणशील निकाल सांगून पळाली.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी जेवणाच्या मोठ्या टेबलावर जाऊन बसले. म्हटलं, मला मदत हवी आहे. तळघरात वाळूचं खोकं आहे, त्याला रोज दोनदा पाणी घालायचं आहे, रविवारीसुद्धा. सगळे आपापल्या ताटाकडे पाहू लागले. वाटलं, संपलं. मग एक जाडजूड पोरगा, ज्यानं कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, म्हणाला, "शनिवार माझा." तिथून सुरू झालं. किल्लीवाल्यानं किल्ली दिली. इमारत झाडणारी आयशे म्हणून एक तुर्की बाई आहे, तिनं वाळूत हात घालून पाहिला आणि माझ्या लक्षात येण्याआधीच मला सांगितलं की कडेनं सुकते आहे, तिकडं जास्त घाल. तिच्या गावी पण रांजण वाळूत ठेवतात. तिनं कुठून तरी मेथी आणून टाकली! रविवार कोणी घेईना. तो प्रोफेसर साहेबांनी घेतला. एका रविवारी मी विसरलेली छत्री घ्यायला गेले तर साहेब कोटाच्या बाह्या वर करून, चंबूनं, अगदी हळू हळू वाळूवर पाणी सोडत होते. मी तशीच परत फिरले. छत्री राहिली.

जुलै संपता संपता दिवा धरला. हिरवा. नुसता हिरवा.

मग काचेवर पायऱ्या केल्या. एका पट्टीवर कमी थर, पुढच्या पट्टीवर जास्त, त्यापुढं आणखी जास्त. दाणे सगळीकडे तेच. फक्त आरशाचं अंतर वेगळं. दिवा मालवून जांभळा दिवा लावला, आणि पट्ट्या दिसल्या. उजळ, मंद, उजळ. दाण्यानं उजेड कधी लवकर सोडायचा, कधी थांबून, ते त्या काचेवर मी ठरवलं होतं. शनिवारवाल्या पोरानं शिट्टी वाजवली. साहेबांनी परत चष्मा पुसला. या वेळी "पुन्हा बनव" म्हणाले नाहीत.

आता हे छापायचं आहे. कसे ठेवले, किती गार, किती कोमट, सगळं नीट मोजून लिहिलं आहे. शेवटी आभार असतात. साहेब म्हणाले, ज्यांच्यामुळे झालं त्यांची नावं घाल. तर तुमच्या फेरीतल्या सगळ्या बायांची पूर्ण नावं मला पाठव. अरुंधती वहिनींचं पण. आणि यमुताईंचं तर सगळ्यात आधी. त्या घाबरल्या नसत्या तर बाटल्या अजून फ्रिजात बसून राहिल्या असत्या.

दोन वर्षं म्हणजे मी आता लगेच येत नाही, हे तुला कळलं असेल. मलाही कळलं आहे. आनंदात मधूनच ते टोचतं.

पार्सलात एक काच पाठवते आहे, तशीच पायऱ्यांची. दुसरी काच वर चिकटवून, कडा पक्क्या बंद करून, म्हणजे दाणे बाहेर यायचे नाहीत. तरी लेकरांच्या हाती देऊ नको, आणि पाण्याजवळ नेऊ नको!! सोबत एक छोटा जांभळा दिवा आहे, सेलवर चालणारा. इथं पोस्टाची तिकिटं जमवणारे लोक तो वापरतात, खोटं तिकीट ओळखायला. खोली पूर्ण अंधारी कर, दिवा काचेवर धर, डोळ्यावर धरू नको.

तुम्ही वाळू भिजवत होतात तेव्हा खाली काय होत होतं, ते तुम्हाला दिसलं नव्हतं. आता पाहा.

देवकी

*

नंदनवन, नागपूर
१६ ऑक्टोबर १९८६

चि. देवके, जय भीम.

पार्सल दसऱ्याच्या आधल्या दिवशी आलं. यंदा दीक्षेले तीस वर्षं झाली, तुले माहीतच आहे दीक्षाभूमीवर किती गर्दी असन. आपल्या घरी नरखेडकडचे सगळे सोयरे उतरले. धोंडबा मामा, त्याच्या दोन सुना, गावचे आणखी आठ-दहा. चूल थंडी होत नव्हती, पाय ठेवाले जागा नव्हती. अशात पोस्टमन डबा घेऊन आला. मी म्हटलं, पाहुणे गेल्यावर पाहू. धोंडबा मामा म्हणे, "काहून वं? आम्ही का पोरीचे कोणी नाही का?"

मंग भरदुपारी दारं-खिडक्या लावल्या. फटीले गोधड्या टांगल्या, पत्र्याच्या भोकात चिंध्या कोंबल्या. भीमाबाई, पार्वतीबाई, सगळ्या फेरीच्या बायांले बोलावलं. अरुंधतीबाई यमुताईचा हात धरून घेऊन आली. म्हातारीनं दारातच विचारलं, "कवटी नाही ना वं?" मी म्हटलं, नाही, या बसा. तुया नमस्कार मी तिले मागंच सांगतला होता, ते लाजली होती.

मी मधात बसली. काच मांडीवर, पदरावर. बटन दाबलं.

देवके, मी काय लिहू? लेकरं रडून राहिले होते ते बी पुढं सरकले. हिरव्या पट्ट्या, मधात मंद, मंग पुन्हा हिरव्या. जसं कोणी अंधारात शेवाळाचा उजेड काढून ठेवला.

पार्वतीबाई म्हणे, "मधली पट्टी काहून मंद झाली वं? तिथचे दाणे खराब आहे का?"

मी म्हटलं, "नाही. दाणे तेच आहेत. तिथं आरसा जागच्या जागी नाही म्हणून थांबून राहिले. पुढं पाय, सरकला तर उजळले." एवढं मी सांगतलं, सोता, बिना अडकता. सगळ्या बाया मायाकडं पाहाले लागल्या. अरुंधतीबाई बी.ए. आहे, तिनं बी पायलं.

भीमाबाई म्हणे, "मंगळवारचं पाणी मी घालत होती." मंग पार्वतीबाई म्हणे, "मी बुधवारचं." एकेक करून सगळ्यांनी आपला आपला वार सांगतला. यमुताईचा वार नव्हता, ते चूप बसली. मंग भीमाबाईच म्हणाली, "बाई, तुमी ते बाहेर काढलं नसतं तर आमी कायले पाणी घातलं असतं?" म्हातारीनं डोळे पुसले. त्या अंधारात कोणाले दिसलं नसन असं तिले वाटलं.

नावं येगळ्या कागदावर लिहून पाठवली आहेत, सगळ्यांनी आपापल्या हातानं लिहिली. ज्यांले येत नाही त्यांनी शिकून लिहिली, म्हणून पत्र दोन दिवस उशिरा टाकून राहिली. पार्वतीबाईनं चार डाव खोडलं, सांभाळून वाच. त्या शनिवारच्या पोट्ट्याले आन् त्या तुर्की बाईले आमचा जय भीम सांग. साहेबाले बी.

तू दोन साल नाही येत. मले वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर तू पुन्हा भिंग लावून पाहशीन. वाटलं. एक दिवस वाटलं. पण मंग लोकं येत राहिले, दारात उभे राहून विचारत, "अंजनाबाई, तो उजेड दाखवता का?" तवा वाईट वाटाले फुरसतच नाही भेटली. मी बटन दाबून धरते, ते पाहतात, मी सांगते. किती डाव सांगतलं त्याचा हिशेब नाही.

धोंडबा मामा गावी जाऊन सगळ्यांले सांगून राहिला. पुढच्या एस.टी.नं आणखी येतात म्हणे. आन् इकडं दिव्याचे सेल संपले. इतवारीच्या बाजारात तीन दुकानं फिरली, तसले बारीक सेल भेटत नाही.

आठ-दहा तरी पाठव. लवकर पाठव. लोकं येऊन राहिले.

तुयी आत्या
अंजनाबाई